गच्चीवरची स्ट्रॉबेरी आणि विहिरीमागचा तुकडा

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२४ सप्टेंबर २०१०

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर धाकट्या कमलाकरचं डोकं (घामासकट),

तुमचा गुडघा, चष्मा आणि राग, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. भिलारला अजून धुकं असेल आणि तुम्ही कानटोपी घालून माझ्या नावाने बोटं मोडत असाल, हे इथे बसून दिसतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तुम्ही बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. आता निवृत्त झालास, पनवेलात काय ठेवलंय, गावी परत ये, विहिरीमागचा तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय, येणार नसशील तर आपल्या भावकीतला प्रितम तिथे लागवड करायची म्हणतोय, तेव्हा दसऱ्याच्या आत हो की नाही ते कळव, असं तुम्ही लिहिलंत. कळवतो. पण आधी तुम्ही दिलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांचं काय झालं ते ऐका, त्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला पटायचं नाही.

गेल्या वर्षी ती रोपं एसटीतून आणली, ती शेजारच्या सीटवर ठेवून. (शशिकला वाईपर्यंत उभी होती.) इथे गच्चीवर कुंड्या मांडल्या आणि आपल्या रानात करतो तसंच सगळं केलं. माती उंच भरली, शेणखत घातलं आणि वरून काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, मुळं उबदार राहावीत म्हणून. दादा, पनवेलच्या गच्चीवर, ऑक्टोबरात, मुळं उबदार! लहानपणापासून हाताला लागलेली सवय, डोक्याला विचारायचं सुचलंच नाही. दोन दिवसांनी कागदाखाली बोट घातलं आणि चटका बसून ओरडलो. समोरच्या घरातले झकेरियाभाई (आयुष्यभर कुवेतला नोकरी केलेले, त्यामुळे इथल्या उन्हाला ऊनच न मानणारे) धावत वर आले, बघितलं आणि म्हणाले, "कमलाकरभाई, झाडं लावलीत की शिजाया ठेवलीत?"

कागद काढला. मग थंडाव्याची मोहीम सुरू झाली. फ्रीजमधला सगळा बर्फ कुंड्यांना आणि पाहुण्यांना कोमट सरबत. एक कुंडी तर हॉलमध्ये पंख्याखाली आणली आणि शशिकलाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात गेली. भारनियमनाच्या वेळी मी त्या कुंडीला वर्तमानपत्राने वारा घालत असे. ("माझ्या बाळंतपणात एवढा घातला नव्हतात," असं ती म्हणाली. खरं आहे, पण ती तेव्हा माहेरी होती.) त्यात आमच्या मासळीवाल्या गंगाबाईंनी सल्ला दिला, मासळी धुतलेलं पाणी घाला. घातलं. रोपं काही उठली नाहीत, कॉलनीतली मांजरं उठली. सकाळी वर गेलो तर एकेका कुंडीत एकेक मांजर, उकरून उकरून दमलेलं. गंगाबाईंकडे तक्रार केली, तर टोपली उतरवून माझ्यावरच डाफरल्या, "मी दोडक्याचं सांगितलं होतं. तुमी काय लावलंय ते मना काय ठाव नाय!"

तरी एक रोप जगलं आणि जानेवारीत त्याला एक फळ धरलं, हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं. झकेरियाभाईंच्या फहमिदाभाभींनी ते सुरीने कापलं, गंगाबाईही वर आल्या आणि आम्ही पाच माणसांनी ते वाटून खाल्लं. आंबट होतं. इतकं आंबट की सगळ्यांची तोंडं एकदमच वाकडी झाली आणि मग बराच वेळ कुणाला हसू आवरेना. दादा, एका फळावर एवढी मजा आपल्या रानात पाट्या भरभरून माल निघायचा तेव्हाही केल्याचं मला आठवत नाही.

रिकाम्या कुंड्यांत मग भाभींचा अळू आला, गंगाबाईंच्या घरचा दोडका आला. दोडक्याचा वेल झकेरियाभाईंच्या डिश अँटेनावर चढलाय, त्यांच्या टीव्हीवर मुंग्या दिसतात, पण ते वेलाला हात लावू देत नाहीत. संध्याकाळी मी वर पोचलो नाही तर भाभी जिन्यातून हाक मारतात, "भाईजान, तबियत बरी आहे ना?" उकडतं, अंगावर घामोळं आहे, आणि मी सुखात आहे.

बाकी क्षेम. कागदावरचे डाग घामाचे आहेत, अश्रू समजून गावभर दाखवू नयेत.

आपला,
कमलाकर

ता. क. उत्तर लिहायचं राहिलंच. तुकडा प्रितमला द्या. रागवा हवं तर, पण द्या.

ता. क. २. शशिकलाने पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढं लांबण लावलंत आणि मुद्द्याचं लिहिलंच नाही. मुद्दा असा. वहिनी गेल्या तरी तुम्ही संध्याकाळी अजूनही दोनच कप चहा करता आणि एक मोरीत ओतता, असं प्रितमने सांगितलं. तुम्हाला माणूस त्या तुकड्यासाठी नकोय, चहासाठी हवाय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेव्हा ही थंडी इथेच काढा. वाद घालायला गच्चीवर माणसं भरपूर आहेत, आणि चहा एकही कप उरत नाही.

ता. क. ३. वरची ओळ विनंती समजून विचार करत बसू नका. दिवाळी झाली की प्रितम तुम्हाला पनवेलच्या एसटीत बसवून देणार आहे, तिकीट काढून झालंय. परतीचं काढलेलं नाही. ते काढायचं की नाही हे तुम्ही आणि शशिकला भांडून ठरवा, मी मध्ये पडणार नाही.