राहील, जाईल

३ मार्च
अखेर स्वतःच्या घरात बसून लिहिते आहे. थॉर्नबीतलं हे विटांचं छोटं घर, मागे सफरचंदाचं झाड, समोर बेकरी. मैत्रीण बेरिलशी लावलेली पैज मी जिंकले. ती म्हणत होती, हेस्टर, टोस्टर घेताना चार दुकानं पालथी घालतेस, आणि घराचे कागद बघायला वकील मात्र दलालाने बोट दाखवलं तोच? बेरिलचा वकील शंभर प्रश्न विचारतो आणि तीन महिने लावतो. माझ्या व्होलसाहेबांनी एकही प्रश्न न विचारता तीन आठवड्यांत काम उरकलं. मी सह्या केल्या, त्यांनी चहा पाजला.

५ मार्च
इथे लोक घर विकून जाताना दिव्याचे बल्बसुद्धा काढून नेतात. म्हणून तर विकणारा यादी भरून देतो, कोणती वस्तू राहील, कोणती जाईल. मला घर विकणाऱ्या ॲस्क्यूने काहीच नेलं नाही. पडदे, गालिचे, किटली, सगळं जागच्या जागी. आयता संसार मिळाला. बेरिलला फोन करून मुद्दाम सांगितलं, जळू दे थोडी.

९ मार्च
दुपारी बाजारातून आले तर सिंकमध्ये एक कप, अजून कोमट. मी आज चहा घेतलाच नव्हता. मागच्या खोलीतली गादी मधोमध दबलेली. शेजारणीकडे किल्ली असेल म्हणून विचारून आले. नाही म्हणाली, आणि दार जरा घाईनेच लावलं.

११ मार्च
चार वाजता मागच्या खोलीतून बाईचा आवाज आला. साखर कमी पडली, पोरी. अगदी स्पष्ट.
व्होलना फोन केला. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि यादी वाचली. पडदे राहतील, किटली राहील, आणि खाली हाताने लिहिलंय, आई राहील. कुणाची आई, मी विचारलं. ॲस्क्यूची, म्हणाले, बारा वर्षांपूर्वी त्याच खोलीत वारली. हे वाचलं होतंत तर बोलला का नाहीत? ते हसले. बाई, घाई तुम्हाला होती. विचारत बसलो असतो तर तीन महिने गेले असते. यादीत रकाने दोनच, मेलेल्यांसाठी तिसरा नसतो. आणि सही तुमचीच आहे.
माझा संताप संताप झाला. त्यांच्यावर कमी, स्वतःवर जास्त.

२ एप्रिल
घर विकायला काढलंय. या वेळी बेरिलचाच वकील. तिने आधी यथेच्छ टोमणे मारले, मग धावून आली. घेणारं एक तरुण जोडपं मिळालंय. मला फक्त इथून बाहेर पडायचंय.
म्हातारी आता समोर बसते. माझ्या कंगव्याने केस विंचरते. चहा गार झाला की माझ्या बोटांवर चमचा मारते. बोटं काळीनिळी झालीत.

१९ जून
यादी मी स्वतः भरली. सगळ्या वस्तू राहतील. आई राहील, असंही लिहिलं. त्या पोरांचं काय व्हायचं ते होवो. लाज वाटली, तरी लिहिलं.

२४ जून
वकिलाचा फोन. यादी मिळाली म्हणे, अक्षर किती सुरेख. मग त्याने ती वाचून दाखवली, आई जाईल, पोरगी राहील. त्याला खटकलं म्हणून त्याने दोनदा लेखी विचारलं, दोन्ही वेळा सहीनिशी उत्तर गेलं. माझीच सही. घेणाऱ्यांची हरकत नाही. मी ओरडून सांगितलं, ते मी लिहिलेलं नाही — तो नम्रपणे म्हणाला, बाई, तुमचा आवाज नीट येत नाही.

२९ जून
दारातून बाहेर पाय टाकला. पुन्हा जिन्यावरच —
पाच वेळा. मागच्या दारानेही.

शुक्रवार
बारा वाजता किल्ली देणार. म्हातारी तयार. माझा कोट, माझी पर्स. बेरिल आली. हेस्टर, किती वाळलीस गं, म्हणाली — तिला — हात धरून गाडीत नेली. मी वरच्या खिडकीची काच बडवली — बेरिलने वर पाहिलं — वाऱ्याने वाजतेय म्हणाली —

नवी माणसं आत. मी पायरीवर. बाईने खोकं ठेवलं, माझ्या मांडीत — जड — निघत नाही —
यादी वाचताहेत. तिने विचारलं, ही पोरगी म्हणजे काय असेल रे. तो म्हणाला, असेल एखादी जुनी बाहुली, सापडली की माळ्यावर टाकू —
तो माळ्याला शिडी लावतो —