गुडघ्याला चोळलेलं तेल

माय, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. खुर्चीवर बसले आहे, हे आधीच सांगते, कारण खाली बसणं आता मला जमत नाही. माझा उजवा खुबा झिजला आहे. तुझाही तोच झिजला होता, पण हे तुला मरेपर्यंत कळलं नाही आणि आम्हालाही नाही. आपण सगळे तुझ्या गुडघ्याच्या मागे लागलो होतो. नांदगाव खंडेश्वरच्या स्वयंपाकघरात तू चुलीशेजारी पाय पसरून बसलेली असायचीस आणि मी वाटीत कोमट तेल घेऊन तुझा गुडघा चोळत असायचे. वर रुईचं पान बांधायचं, विटेनं शेकायचं. परतवाड्याहून मावशी कसलंसं काळं तेल घेऊन आली, तेही जिरवलं. त्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

अमरावतीच्या भाजीबाजारात तू सकाळपासून उकिडवी बसून आपल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचीस. उठताना शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यायचीस आणि पहिली चार पावलं लंगडत टाकायचीस. एकदा मी चहावाल्याकडचं स्टूल मागून आणलं आणि तुझ्यामागे ठेवलं. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालीस, "काहून वं, मालापेक्षा उच्ची झाली का मी? सांबार खाली अन् मी वरतं? उचल थे." माल म्हणजे लक्ष्मी, तिच्याहून उंच बसायचं नाही, ही तुम्हा बायकांची रीत. मी स्टूल परत नेऊन दिलं. त्या दिवशी मला तुझा राग आला होता आणि तो अजूनही गेलेला नाही.

लग्नानंतर मी अकोल्यात तोच धंदा केला, तशीच उकिडवी बसून. दोन वर्षांपासून पाय अडकायला लागला. चप्पल घालायला वाकता येईना, ऑटोत चढताना पाय हातानं उचलून आत घ्यावा लागे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, गुडघ्यात वाकवलेला पाय धरून हळूच आत वळवला आणि मी ओरडले. मग त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो, तिथली गुळगुळीत गादी संपली होती, हाड हाडावर घासत होतं. "खुबा बिघडला की कळ जांघेत येते आणि खाली गुडघ्यापर्यंत जाते," ते म्हणाले. "त्याच्यानं लोक गुडघाच चोळत बसतात." मला वाटलं, ते तुझ्याबद्दलच बोलत आहेत.

मी विचारलं, ऑपरेशन आताच करायला हवं का? ते म्हणाले, नुसता फोटो पाहून ते ठरत नाही. गोळ्या, व्यायाम, काठी, वजन कमी करणं, हे सगळं करून पाहिल्यावरही दुखणं झोपू देत नसेल, चालणं आणि रोजची कामं अडत असतील, तर करायचं. मी वर्षभर हे सगळं करून बसले होते. झिजलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवतात, वाटीला नवं अस्तर लावतात. सगळ्यांचं सारखंच बरं होईल याची हमी कोणी देत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते मला आवडलं.

भाऊ फोनवर म्हणाला, "या वयात कायले कापाकापी करून राहिली? मायनं काढलेच ना दिवस." मी म्हटलं, "तिनं काढले, मले नाही काढायचे. तिचा पाय तू चोळला का कधी?" त्यानं फोन ठेवला. ठेवू दे. दुखणं गिळून बसणारी बाई चांगली, हे मला पटत नाही. तुझ्याबाबतीतही पटलं नव्हतं.

डॉक्टरांनी ऑपरेशननंतर उकिडवं आणि खाली बसायला मनाई केली आहे. म्हणून मी दुकानाचा ओटा कमरेइतका बांधून घेतला. सांबार आता वर ओट्यावर आणि मी मागे उंच खुर्चीवर. तुझ्या लक्ष्मीला मीच वर उचललं आहे, आता बोल काय बोलायचं ते. सोमवारी मी भरती होते आहे.

हे पत्र एक्स-रेच्या पाकिटात ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. अमरावतीला मी तुला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी कुठे दुखतं विचारलं, तू गुडघ्यावर हात ठेवलास आणि त्यांनी गुडघ्याचाच फोटो काढला. परतताना एस.टी.त तू माझ्या कानाशी म्हणालीस, "दुखते तं वरतं वं, जांघीत. पन मानसासमोर तिथं हात कसा ठेवू?" गाडी अजून स्टँडवरच उभी होती. उतरून परत जाता आलं असतं. मलाही लाज वाटली, मी म्हटलं, "जाऊ दे आता." आणि घरी येऊन पुन्हा तेल कोमट करायला ठेवलं. गेल्या महिन्यात अकोल्याच्या डॉक्टरांनी मला तेच विचारलं, तेव्हा माझाही हात आधी गुडघ्यावरच गेला होता, माय. मग मी तो उचलून वर ठेवला.