शेपटीची कडी

बाबा,

आज झावळ्यांचा रविवार. चर्चमधून, सकाळच्या मिस्साहून घरी आलो, बूट न काढताच मागच्या अंगणात गेलो आणि हातात झावळी घेऊन पवनचक्कीपुढे उभा राहिलो. माझ्या उंचीपेक्षा थोडीशीच मोठी आहे ती. इथं ऑस्ट्रेलियात ट्रुगानिनाला घर घेतलं त्या वर्षी मीच वेल्डिंग करून बनवली, वसईच्या आपल्या विहिरीवर तुम्ही उभी केली होती तिच्यावरून. पाणी काढत नाही, नुसती फिरते. पण तुमच्या चक्कीसारखी हिच्याही शेपटीच्या कडेला एक लोखंडी कडी आहे, आणि या दिवशी आशीर्वाद दिलेली झावळी त्या कडीला बांधायची ही आपल्या घरची रीत मी इथंही मोडली नव्हती. आज बांधली नाही. मुलगी किचनच्या दारातून बघत होती. "बाबा, आर यू ओके?" मी नुसता हात हलवला. झावळी आत आणून ओट्यावर ठेवली आणि तिथंच स्टुलावर बसून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पाठवायचा प्रश्नच येत नाही. पण बोलायचं आहे ते तुमच्याशीच.

तुमची पहिली चक्की वादळात गेली तेव्हा मी दहावीत होतो. पाती उडून शेजारच्या केळीत पडली होती. लोक हसले. तुम्ही वर्कशॉपचं दार लावून घेतलंत आणि नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरलीत. नवव्या दिवशी पहाटे तुम्ही आम्हा सगळ्यांना उठवलंत, डोळे लाल, हातात अजून जपमाळ. म्हणालात, "दिसली. बिजागरी दिसली. सरळ नाही, तिरकी." आईनं कपाळावर क्रुसाची खूण केली. मला तेव्हा काही कळलं नाही, पण दोन आठवड्यांनी नवी चक्की उभी राहिली आणि पुढच्या वादळात अख्खा गाव ती बघायला आला. वारा बेफाम झाला तसं चक्र आपोआप एका कुशीवर वळलं, वाऱ्याकडे कड करून उभं राहिलं. वारा उतरला, तिरक्या बिजागरीवर वर गेलेली शेपटी स्वतःच्या वजनानं खाली आली, चक्र पुन्हा सरळ झालं आणि पंप सुरू झाला. कुणी हात लावला नव्हता. फादरांनी त्या रविवारी प्रवचनात तुमचं नाव घेतलं. देव सुताराच्या घरी वाढला, त्याला अवजारांची भाषा येते, असं काहीतरी ते म्हणाले, आणि बाकावर तुम्ही मान खाली घालून बसला होता. त्या खाली घातलेल्या मानेचा मला किती अभिमान वाटला होता, बाबा.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, शेपटीला ही कडी कशाला आहे. तिच्यात काहीच अडकवलेलं नव्हतं. तुम्ही वर बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "झावळी बांधायला. देवानं दिलं, तर देवाची काही खूण नको?" त्या वर्षीपासून आपण बांधायला लागलो. वाळलेली झावळी वर्षभर वाऱ्यावर सळसळायची आणि आई म्हणायची, चक्की जप करते.

त्या चक्कीत एकच अडचण होती. ती वाऱ्याचं ऐकायची, माणसाचं नाही. ग्रीस भरायचं तर वारा पडायची वाट बघावी लागायची, किंवा कुणीतरी वर चढून पात्यांत बांबू अडकवून धरायचा. ते काम काकाचं. तुमचा धाकटा भाऊ, वर्कशॉपमध्ये तुमचा उजवा हात, घरात सगळ्यांची चेष्टा करणारा. एका दुपारी तो वर असताना समुद्राकडून वारा उठला, बांबू तडकला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतरची ती संध्याकाळ मला जशीच्या तशी दिसते. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापते आहे. काका हाताला पांढरं बँडेज बांधून पाटावर बसला आहे आणि डाव्या हातानं जेवतो आहे. तुम्ही म्हणता, "देवाची इच्छा." काका घास खाली ठेवतो.

"देवाला कशाला मध्ये घेतोस, दादा? डहाणूला चिकूच्या वाडीत आपण दोघं एक हंगाम कामाला होतो. तिथं विहिरीवर मोडकी विलायती चक्की होती. लोक जेवायला बसायचे आणि तू तिच्यावर चढून बसायचास. ही तीच आहे. तुला स्वतःला सुचली असती ना, तर ती थांबवायची कशी तेही सुचलं असतं."

तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला तरी आई हलली नाही. तुम्ही ओरडला नाहीत. शांतपणे म्हणालात, "माझ्या घरात बसून देवाला खोटं पाडतोस? ऊठ." काका उठला. दारात वळून आईला म्हणाला, "वहिनी, अर्धी भाकरी राहिलीय. दादाला द्या. दुसऱ्याचं त्याला गोड लागतं." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तो समोरून आला तर रस्ता बदलायचा." मी बदलत राहिलो. गावानं त्याला जळका म्हटलं, भावाच्या नावावर टपलेला म्हटलं. त्याच्याकडे कुणी काम टाकेना तसा तो भाईंदरला कुणाच्या तरी गॅरेजमध्ये डाव्या हातानं पाने फिरवायला लागला. माझ्या लग्नाला त्याला बोलावलं नाही. तुमच्या मातीला तो आला, मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता गेला.

आता मागच्या महिन्यातलं सांगतो. वेरिबीच्या पलीकडे एका मोकळ्या रानात जुन्या यंत्रांचा मेळा भरतो. मी इथं एका दुधाच्या फॅक्टरीत मेंटेनन्स फिटर आहे, अशा ठिकाणी माझा जीव रमतो. मुलगी आली ती यंत्रांसाठी नाही, तिला शिकाऊ परवान्याच्या एल प्लेटवर गाडी चालवायचे तास भरायचे होते. तिथं काय नव्हतं! जमिनीतल्या खुंटावरून उडी मारून पुढं जाणारा नांगर, मेंढ्यांची लोकर कातरणारं यंत्र, दुधातून साय वेगळी करणारं यंत्र. जिच्या नावाचं हे राज्य आहे त्या राणीच्या शेवटच्या वर्षांतली सगळी, शंभर वर्षांहून जुनी. प्रत्येकावर बिडाची पाटी, पाटीवर 'पेटंट' आणि कुणाचं तरी नाव. मला ते आवडत होतं. एवढ्याशा कातरीसाठीसुद्धा कुणीतरी रात्री जागलं असेल आणि त्याचं नाव लोखंडात राहिलं आहे, असं मनात येत होतं. तेवढ्यात मुलीनं हाक मारली.

"बाबा, लुक! आपली विंडमिल! पामची कडीपण आहे!"

रांगेच्या टोकाला ती उभी होती. तिरकी बिजागरी. मध्यापासून जरा बाजूला बसवलेलं चक्र. शेपटीचा तोच आकार, खालचा कोपरा तसाच कापलेला. आणि कडेला कडी. टोपी घातलेला एक म्हातारा तेलाची बुधली घेऊन तिथं बसला होता. त्यानं मुलीला विचारलं, "पाम? व्हॉट पाम, लव?" तिनं सांगितलं की आमच्याकडे या कडीला झावळी बांधतात, चर्चमधली, आजोबांनीच ही चक्की शोधून काढली. म्हातारा हसला. वाईट हसला नाही. "वेल, युअर ग्रँडपा वॉज अ बिट लेट, मेट," असं माझ्याकडे बघून म्हणाला आणि उठला. कडीतून एक तार निघून मनोऱ्यावरून खाली येत होती, तिच्या टोकाला हातभर लांबीचा दांडा. त्यानं दांडा खाली ओढला. शेपटी मिटली, चक्र वाऱ्याला कड देऊन वळलं, दोन गिरक्या घेतल्या आणि थांबलं.

"दॅट्स ऑल इट्स फॉर. यू पुल, शी स्टॉप्स."

"एकदम सिंपल," मुलगी म्हणाली, "हाऊ कम आजोबा डिडन्ट डू दॅट?"

मी खाली बसलो. म्हाताऱ्याला वाटलं ऊन लागलं, त्यानं पाणी दिलं.

गाडीत मुलगी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून चालवत होती आणि मी शेजारी बसून सगळं जुळवत होतो. डहाणूच्या मोडक्या चक्कीची तार केव्हाच गंजून गळाली असणार. तुम्हाला कडी दिसली, तार दिसली नाही. कडी कशासाठी ते तुम्हाला कळलं नाही, तरी ती तुम्ही केलीत, कारण तिथं होती. आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही एवढा वेळ वर बघत राहिलात आणि मग मला झावळी दिलीत.

नक्कल केलीत याचा मला राग नाही, बाबा. मी रोज दुसऱ्यांनी शोधलेली यंत्रं दुरुस्त करून पोट भरतो. डहाणूला बघितली, डोक्यात ठेवली, नुसत्या आठवणीवर आणि भंगारातल्या लोखंडावर उभी केली, एवढं खरं सांगितलं असतंत तरी मी तुम्हाला मोठाच म्हटलं असतं. तुम्ही देवाला साक्षीला उभं केलंत. आई आजारी पडली तेव्हा मी इथून नोव्हेना धरली होती. डॉक्टर दोन वाटा सांगत होते, ऑपरेशन करा किंवा करू नका, आणि मला वाटत होतं की नवव्या दिवशी मला दिसेल, तुम्हाला बिजागरी दिसली तसं स्वच्छ दिसेल. शेवटच्या पहाटे मी गुडघ्यांवर होतो आणि काहीच दिसलं नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्याची गाडी सुरू झाली, बस. आई गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी हेच धरून बसलो की माझ्या बापाला दिलं ते मला दिलं नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. पापनिवेदनात फादरना सांगितलं की माझी श्रद्धा कच्ची आहे. ज्या मापानं मी स्वतःला मोजत आलो ते माप तुम्ही वर्कशॉपमध्ये बनवलं होतंत.

इथपर्यंत लिहून मी थांबलो, चहा केला आणि काकाला फोन लावला. नंबर मागच्या महिन्यातच मिळवला होता, लावायचा धीर होत नव्हता. तिकडे सकाळ होती.

"कोण?"

"काका, मी. दादाचा मुलगा."

"ऑस्ट्रेलियाचा? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग फोन कशाला केलास? मी मिस्साला निघालोय. लवकर बोल, नाहीतर मागं उभं राहावं लागेल."

मी म्हटलं, काका, मी ती चक्की बघितली. डहाणूला होती तशीच. तू खरं बोलत होतास.

तो म्हणाला, "मला माहीत होतं मी खरं बोलत होतो. तू लांबच्या वाटेनं आलास." हसला, खोकला. मग मी कडीचं सांगितलं. तार, दांडा, खालून ओढायचं. ओढलं की शेपटी मिटते आणि चक्र थांबतं. पलीकडे खुर्ची ओढून तो बसल्याचा आवाज आला.

"म्हणजे ती थांबत होती," तो म्हणाला.

"हो."

"एवढ्या तारेनं."

"हो, काका."

"दादाला माहीत होतं?"

बाबा, त्या क्षणी तुमच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती रिकामी कडी, आणि तुमची चोरीही तिनंच उघडी केली होती. मी म्हटलं, "नाही. माहीत असतं तर त्यांनी लावली असती."

"हं." मागं कुणीतरी त्याला निघायची घाई करत होतं. "तेवढं तरी बरं. ऐक, मला सांगून काय उपयोग? मला कधी शंका नव्हती. ज्यांनी मला जळका म्हटलं त्यांना सांग. अजून आहेत त्यातले थोडे."

आपल्या गावातल्या सगळ्या घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सणाला तुमच्या चक्कीचा फोटो फिरतो, खाली कुणीतरी 'प्रार्थनेचं फळ' असं लिहितं आणि मी दर वेळी हात जोडल्याची खूण टाकतो. मेळ्यात मुलीनं काढलेला व्हिडिओ तिच्याकडून मागून घेतला. म्हाताऱ्याचा हात, दांडा, मिटणारी शेपटी. खाली लिहिलं की ही चक्की विलायतेची आहे आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, माझ्या वडिलांनी ती डहाणूला बघून बनवली, माझा काका खरं बोलत होता आणि त्याची बोटं या कडीत तार नव्हती म्हणून गेली. पाठवायच्या बटणावर बोट बराच वेळ होतं. मग पाठवलं. लगेच कुणीतरी टाइप करायला लागलं, मी फोन उलटा ठेवला.

झावळी हॉलमधल्या क्रुसामागे खोचली, जगभर लोक खोचतात तशी. मग गॅरेजमधून तार आणली, अंगणातल्या चक्कीच्या कडीतून ओवली, खाली एक दांडा बसवला. दुपारचा वारा चांगला सुटला होता. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. मी दांडा ओढला आणि चक्की थांबली.

एक कबूल करतो. ती थांबली तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच हाक मारावीशी वाटली, बाबा, हे बघा म्हणून. मारली नाही.