वळणावरचं लग्न

हिकरी बेंड कॅम्प, मिझूरी
६ सप्टेंबर १९९४

प्रिय रॉइस,

अ. उ. आ. वि. वि. टूसॉनला अजून अंग भाजत असेल तर इकडे निघून ये. इथे पहाटे पांघरूण शोधावं लागतं. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक ओकखाली एक मोटारघर, त्यामागे घोड्यांचा ट्रेलर, आणि सगळ्यांची पोरं घोड्यांसकट पाण्यात. यंदा कॅम्प चालवता चालवता माझा घसा बसला आहे, तेव्हा पत्रातच ओरडते.

बातमी अशी, की आपली आई लग्न करते आहे. हसू नकोस. काल संध्याकाळी ती सगळ्यांसाठी कॅटफिश तळत होती. मीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं, की पंधरा ऑक्टोबरला, आपण सगळे दरवर्षी जमतो त्याच शनिवारी, ती आणि ऑर्व्हलकाका इथेच लग्न लावणार. हो, तेच ते ऑर्व्हल प्रुइट, आपल्या घोड्यांना आपल्या लहानपणापासून नाल ठोकणारे. ते बिचारे शेजारी ताट धरून बसले होते, कानापर्यंत लाल झाले. मी आईला म्हटलं, निदान मला आधी सांगायचंस. तर म्हणते, तुला सांगितलं असतं तर मासे कोणी तळले असते?

तुला कळवायचं काम माझ्यावर आलं आहे. तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसते. तरीही ये, बाबा.

भांडायला का होईना पण आठवण ठेव.
तुझी
ट्वायला

टूसॉन
१३ सप्टेंबर १९९४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा थट्टा वाटली. बाबांना जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच हे काय? आई शहात्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे धड नाहीत. आणि ऑर्व्हलकाका तर बाबांचे मित्र! ते आपल्या टेबलावर जेवायचे, बाबा त्यांना चिडवायचे, ते सगळं आता कसं आठवायचं ते तूच सांग.

घरी पेनी म्हणते, की मला त्यांच्याबद्दल नेमकी तक्रार काय आहे ते मी एका वाक्यात सांगावं. मला सांगता आलं नाही, म्हणून मी आणखी चिडलो. तिचा पाय मोडला आहे, प्लॅस्टर नोव्हेंबरपर्यंत आहे. त्यामुळे आम्ही येऊ शकत नाही असंच समज. सहलीसाठी तिने भाड्याचं मोटारघर ठरवून ठेवलं होतं, तेही आता रद्द करतो.

तू तरी आईला दोन गोष्टी समजावून सांग. राग मानू नकोस.
तुझा
रॉइस

हिकरी बेंड
२० सप्टेंबर १९९४

चि. रॉइस यास,

अनेक आशीर्वाद. ट्वायलाने तुझं पत्र मला दाखवलं नाही, पण ती इतकी गोड वागायला लागली की मी समजले.

तुझ्या वडिलांबरोबर मी एकोणपन्नास वर्षं काढली, आणि परत मिळाली तर परत काढीन. डॉइल गेल्यावर तू दर रविवारी न चुकता फोन केलास, माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. गुडघे तसेच आहेत. पण या आठवड्यात मी कशावर हसले, हे मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी सांगण्यासारखं काही नव्हतं. आता असतं. गेल्या मंगळवारी ऑर्व्हल माझ्या जिंजरच्या पायात नाल ठोकत होता. तिने मागून त्याची टोपी उचलली आणि शांतपणे चावत उभी राहिली. हा गृहस्थ अर्धा तास टोपी शोधत होता आणि जिंजरलाच विचारत होता. मला खाली बसावं लागलं.

डॉइलचा विषय आमच्यात रोज निघतो. त्याच्याबद्दल बोलायला मला दुसरं कोण आहे इथे, ज्याने त्याला तरुणपणी पाहिलंय?

मी परवानगी मागत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू यावास एवढंच मागते. येऊन तोंड फुगवून बसलास तरी चालेल, खुर्ची आहे.

पेनीला म्हणावं, पाय उंचावर ठेव.
तुझीच
आई

टूसॉन
२९ सप्टेंबर १९९४

ती. ताईस,

सा. न. घाईत लिहितो. आईचं पत्र आलं. मी निघतोय, एकटाच. मोटारघर रद्द झालं नाही, पैसे परत देत नाहीत म्हणे, तेव्हा तेच घेऊन येतो. लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी पोहोचेन. लग्नाआधी आईशी आणि ऑर्व्हलकाकांशी स्पष्ट बोलणार आहे. गप्प बसायला इतक्या लांब येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.
रॉइस

हिकरी बेंड
१७ ऑक्टोबर १९९४

प्रिय सौ. पेनीस,

स. न. वि. वि. तुझा नवरा सुखरूप आहे. तुमच्या मोटारघराच्या मागच्या अंगाबद्दल तसं म्हणता येणार नाही. त्याने फोनवर तुला काय सांगितलं देव जाणे, म्हणून खरी हकिकत लिहिते.

शुक्रवारी त्याचा पत्ताच नव्हता. वाटेत टायर फुटलं होतं. शनिवारी सकाळी डोंगरमाथ्यावरून तो आमच्या रस्त्याला लागला. लांब गाड्यांनी मोठा वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने यावं अशी पाटी आम्ही तिथे लावली आहे, पण हा मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होता. खालच्या अरुंद वळणावर त्याने ते धूड वळवलं, आणि नाक गेलं ओकच्या झाडाला, शेपूट गेली खड्ड्यात. रस्ता बरोबर आडवा बंद. खाली कॅम्पात नवरा-नवरी आणि तीस माणसांचं जेवण. वर त्याच्यामागे घोड्यांचे छोटे ट्रेलर, सगळी चुलत-मामे भावंडं, आणि पाद्री लॉनी.

लोकांचा समज काय झाला असेल! मावसभाऊ गारलंड म्हणाला, की विरोध करणारे पुष्कळ पाहिले, पण घर आणून आडवं टाकणारा हा पहिलाच. रॉइस स्टिअरिंगला धरून बसला, खाली उतरेना.

निरोप खाली आला तशी आई जिंजरवर बसली आणि निघाली. लग्नाचा निळा झगा, त्यावर तिचं जुनं चामडी जाकीट. ऑर्व्हलकाका खेचरावर मागे. वळणावर येऊन तिने ते दृश्य पाहिलं आणि अशी हसायला लागली, की खोगिराला घट्ट धरावं लागलं. म्हणाली, बाळा, लग्न थांबवायचं होतं तर एक चिठ्ठी पुरली असती, एवढं मोठं घर कशाला आणलंस?

ऑर्व्हलकाकांनी चाकं पाहिली. म्हणाले, गावातून ओढायची गाडी येईल ती दुपारनंतरच. मग दार उघडून रॉइसच्या शेजारी जाऊन बसले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आम्ही सगळे झाडांची पानं बघत असल्याचं सोंग करत होतो.

इकडे लॉनी घड्याळाकडे बघायला लागला. त्याला दुपारी एका बाळाचा बाप्तिस्मा करायचा होता. आईने विचारलं, की मग इथे काय वाईट आहे? तळं इथूनही दिसतं. झालं! ट्रेलरमधून घोडे उतरवले, लोक चढावर घोड्यांवरच बसून राहिले. जिंजर आणि खेचर बाजूच्या झाडीतून उभा चढ चढून वर आली, पण भांडी घेतलेल्या पायीवाल्यांना तो चढ जमेना, तर ते चालकाच्या दारातून मोटारघरात शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडू लागले. माझ्या मक्याच्या भाकऱ्या, बीन्सचं पातेलं, पीचची मिठाई, दोन आत्या, सगळं तुमच्या स्वयंपाकघरातून गेलं. गालिच्याबद्दल मी आधीच माफी मागते.

गुडघ्यांमुळे आई घोडीवरून उतरली नाही. एवढ्या घोड्यांत जिंजर बिचकायला लागली, तिला कोणीतरी धरायला हवं होतं. तेव्हा तुझा नवरा खाली उतरला. पुढे येऊन त्याने लगाम धरला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. लॉनीने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, की या स्त्रीला लग्नासाठी कोण देत आहे. रॉइस तिथूनच म्हणाला, की तिला कोणी देत नाहीये, ती आपली आपण आली आहे, मीच फक्त वाटेत आडवा होतो.

पेनी, लोक इतके हसले की दोन घोडे उधळले. आई मात्र रडली. मग वाकून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एक हात तिथे, दुसरा ऑर्व्हलकाकांच्या हातात, अशी लग्न लागेपर्यंत बसून राहिली.

तू असायला हवी होतीस. पाय लवकर बरा कर, आमच्यावरची माया तशीच राहू दे.
तुझी नणंद
ट्वायला

टूसॉन
३० ऑक्टोबर १९९४

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. परवा घरी पोहोचलो. मोटारघराच्या मालकाने गाडीभोवती फेरी मारली, आतल्या गादीखाली सापडलेल्या मक्याच्या भाकरीकडे पाहिलं आणि मला फक्त एवढंच विचारलं, की लग्नाला गेला होतात का.

ऑर्व्हलकाका आत येऊन काय म्हणाले, असं ताई सारखी विचारते. तुला सांगतो, तिला सांगू नकोस. आधी कॉफी आहे का म्हणाले. मी दिली. अर्धा कप संपल्यावर म्हणाले, की त्यांनाही डॉइलची रोज आठवण येते, आणि आज तर तो इथे हवा होता, कारण हे असं अडकलेलं मोटारघर पाहून त्याने आयुष्यभर माझी पाठ सोडली नसती. आई, मला बाबांचं हसू अगदी ऐकू आलं. मग आम्ही दोघंही हसत बसलो. तुम्हाला बाहेरून आम्ही वाद घालतोय असं वाटलं असेल.

जे बोलायला आलो होतो ते त्यानंतर मला आठवेचना.

पुढल्या ऑक्टोबरात आम्ही दोघंही येऊ, छोटी गाडी घेऊन. पेनीला घोड्यावर बसायचं आहे, आणि आता मलाही. शेवटचा बसलो त्याला तीस वर्षं झाली, तेव्हा ऑर्व्हलकाकांना सांग, की माझ्यासाठी एखादा म्हातारा, जाडा, कसलीच घाई नसलेला घोडा बघून ठेवा. तुम्ही दोघं पुढे चला. मी मागून येतो.

दोघांनाही नमस्कार.
तुझा
रॉइस