मनगट मोडलं तेव्हा तू जागी होतीस

प्रिय ताई,

काल तुझ्या तेराव्याला भावोजी आले. मीनूला न्यायला! वर सगळ्यांदेखत म्हणतात, "मी सुमनला कधी हात लावला नाही. तिनंच पोलिसांना तसं सांगितलं होतं." तुझी पोर माझ्याकडे बघत राहिली. म्हणून लिहितेय गं.

सांगितलं होतंस तू, हे खरंच आहे. का सांगितलंस?

त्या दुपारी मी मुलुंडला तुझ्या घरी होते. डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेल्या गोळ्या भावोजी तुला दिवसाही चारायचे. "शांत राहते," म्हणायचे. त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. तू म्हणालीस, "तुमच्याच हातात दिली ना, मला पक्कं आठवतंय." किल्ली तुझ्याच कमरेला होती!

त्यांनी केस धरून तुझं डोकं ओट्यावर आपटलं. तुझा हात दाराच्या फटीत धरला आणि दारावर लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ताई. मधे पडले तर मलाही भिंतीवर फेकलं. तू टक्क जागी होतीस, माझं नाव घेऊन ओरडत होतीस.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात हवालदारानं विचारलं, "बाई, नवऱ्यानं मारलं?"

"छे हो! न्हाणीत पाय घसरला. साबण सांडला होता. सगळं आठवतंय मला."

"ताई, मी तिथंच होते!" मी किंचाळले.

"तुला काहीतरी भास झाला, शैला."

किती शांतपणे बोललीस! इतका राग आला तुझा! वाटलं, घाबरून खोटं बोलतेयस. पण तुझ्या डोळ्यांत भीती नव्हतीच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "अशा गोळ्यांवर माणूस विसरतो, आणि आपण विसरलोय हेही त्याला कळत नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं स्वतःलाच आठवतंय असं वाटतं." आणि भावोजी तुझ्या उशाशी बसून साबण, साबण करत होते.

मग तुला घाटकोपरला माझ्याकडे आणलं. गोळ्या हळूहळू कमी केल्या. किती थरथरायचीस, मला शिव्या द्यायचीस! पण हळूहळू नजर निवळली. ती दुपार मात्र तुला कधीच आठवली नाही.

भावोजी न्यायला आले, तुझ्या कानाखाली मारली. तू प्लास्टरचा हात उचललास आणि त्यांच्या तोंडावर घातलास. नाक फुटलं, रक्ताचा सडा! "मारा अजून," म्हणालीस. "आता मला सगळं आठवणार आहे."

पुन्हा त्या घरी गेली नाहीस. काविळीनं नेलं नसतं तर अजून किती वर्षं हसली असतीस गं!

काल मी त्यांना कॉलर धरून जिन्यापर्यंत ओढत नेलं. आज सकाळी मीनूनं विचारलं, "मावशी, आई खोटं बोलायची का?"

नाही, म्हटलं. तिला सगळं सांगितलं, रक्तासकट.

मीनू त्यांच्याकडे जाणार नाही, ताई. ते कोर्टात गेले, तर त्या दुपारी मी काय पाहिलं ते साक्षीला उभी राहून सांगेन. माझ्या तोंडात कुणी गोळी घातलेली नाही.

तुझी,
शैला