फ्रीजरमधला बाळकृष्ण

२० मे, संध्याकाळ. बीपी १३८/८४.

डॉक्टरनं रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलंय. मुलानं, विनीतनं, बँकेची डायरी आणून दिली. पान एवढं मोठं, एका आकड्यानं काय भरणार? म्हणून उरलेल्या जागेत मनातलं लिहिणार. कुणी वाचायचं नाही. हे सूनबाईंना लागू.

सान्वी उद्या निघाली. इंडियाच्या टीममधून, बर्फावरची हॉकी खेळायला, परदेशात. आशियातल्या बायकांची स्पर्धा आहे म्हणे. आमची नात मानपाड्याची, लहानपणी बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. ठाण्यात चाकांच्या बुटांवर शिकली, मग दोन हिवाळे लडाखला जाऊन आली. टीममधल्या बाकीच्या बऱ्याच पोरी तिकडच्याच. ही गोलकीपर. तीपण दुसऱ्या नंबरची. म्हणजे पहिली पडली तर ही उभी राहणार.

पाया पडायला आली. म्हटलं, हरून आलीस तर दार उघडणार नाही. असं बोललं की पोरं पेटून उठतात. माझ्या आईनं मला चौथीच्या परीक्षेला असंच बोलून पाठवलेलं. त्यानंतर मी शाळेत गेले नाही, ती गोष्ट वेगळी.

सूनबाईंचं, हेमांगीचं, तोंड पडलं. सान्वी नुसती हसली.

मला काळजी अजिबात नाही.

२० मे, जेवणं झाल्यावर.

देव पाण्यात ठेवला. देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण. इंडिया एक तरी मॅच जिंकेपर्यंत बाहेर काढणार नाही. विनीतच्या दहावीला ठेवलेला, एक्कावन्न टक्के पडले. बारावीला ठेवायचा विसरले, तेव्हा चौसष्ट. तरी पद्धत ती पद्धत.

मग डोक्यात आलं, खेळ बर्फावर आणि देव नळाच्या पाण्यात? त्याला तिकडचं काय कळणार! स्टीलची वाटी घेतली, पाणी, चार थेंब दूध, हळदकुंकू, त्यात देव, आणि वाटी फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी. सान्वी पाणी प्यायला आलेली. तिला ताकीद दिली, हात लावायचा नाही. म्हणते, आजी, थंडी वाजेल ना गं त्याला. म्हटलं, तुला वाजेल तेवढीच.

२१ मे. बीपी १४४/८८.

पोरगी पहाटे गेली. मी उठले नाही. जागी होते, पण उठले नाही.

फ्रीजर उघडून दर्शन घेतलं. वाटी दगडासारखी गोठली आहे. गुलाबी बर्फात देव रांगताना अंधुक दिसतो. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतो. पावसाळ्यानंतर बघू. देव ओळखायला डोळे लागत नाहीत.

हेमांगीची सकाळपासून कटकट. आई, काल पावशेर आलं आणलेलं, त्यातला मोठ्ठा तुकडा कुठे गेला? म्हटलं, तुझं स्वयंपाकघर, तुझं आलं, तूच शोध. बिनआल्याचा चहा प्यायला लागला. संसार करणं प्रत्येकाला जमत नाही.

२३ मे. बीपी १४०/८६.

खालच्या मजल्यावरची सरोजबाई आली. रिटायर्ड शिक्षिका. बोलते ते फळ्यावर लिहिल्यासारखं. फोनमध्ये बघून मला आमच्याच पोरीच्या टीमचा इतिहास सांगायला बसली. अहो हौसाबाई, आपल्या मुली पहिल्यांदा उतरल्या तेव्हा त्यांना एकही सामना जिंकता आला नव्हता. पुढच्या वर्षी फिलिपिन्सला चार-तीन असं हरवलं, तो पहिला विजय. पुढे काही वर्षांनी ब्राँझ पदकसुद्धा मिळालं बरं का.

म्हटलं, आणि पुरुषांचं काय? त्यांचे जुने आकडे बघून सरोजबाई चष्मा पुसायला लागली.

म्हणाली, लडाखात तळं गोठलं की खेळ सुरू, वितळलं की बंद. तेवढ्या दिवसांत शिकून मुली इथवर आल्या. मी म्हटलं, बघा, तिकडे देव पाण्यात ठेवला की पाणीच गोठतं. ब्राँझ उगाच नाही आलं. माझी पद्धत बरोबर आहे हे सिद्ध झालं. सरोजबाई म्हणाली, असं काही सिद्ध होत नाही हौसाबाई. शिकलेल्या बाईला समजायला वेळ लागतो.

२६ मे. बीपी १६८/९६. मशीन बिघडलं.

पहिली मॅच, दुपारी, हेमांगीच्या फोनवर. आपल्या निळ्या, समोरच्या लाल. काळी चकती कुठे जाते ते देवालाच माहीत. नऊ-शून्य. शून्य आपलं.

सान्वी शेवटपर्यंत बाकावर. रुखवतात मांडल्यासारखी.

कारण सापडलं. सहा गोल झाले तेव्हा हेमांगीनं मटारसाठी फ्रीजर उघडला. म्हटलं, मॅच चालू असताना देवाचं दार उघडतात का? ती म्हणाली, आई, आधीचे सहा कोणी उघडलेले? उलट बोलायची सवय माहेरची.

आजपासून नियम. फ्रीजरवर कागद चिकटवला, उघडू नये. ती म्हणाली, मग उसळीचं काय? म्हटलं, आधी इंडिया.

२७ मे. बीपी १७१/९८. मशीन पूर्ण बिघडलं.

दुसरी मॅच. पाच-एक. हरलो, पण नऊवरून पाचवर आलो, आणि शून्याचा एक झाला. ह्या हिशोबानं पुढची आपली. हिशोब चौथीपर्यंत शिकलेय, चुकायचा नाही.

पूर्ण वेळ मी स्टूल घेऊन फ्रीजरला पाठ लावून बसलेले. हेमांगी आली, बघितलं, गेली. भात जळाला. तो तिचा प्रश्न.

सान्वी परत बाकावर. संध्याकाळी तिचा फोन आला. मला दिला नाही. मी मागितला नाही. हेमांगी म्हणाली, विचारत होती, आजी दाराबद्दल अजून काही म्हणाली का? म्हटलं, तिला सांग, शब्द म्हणजे शब्द.

शब्द मागे घेता येतो का हे सरोजबाईला विचारणार होते. नाही विचारलं. विचारायची गरजच नाही.

२९ मे, शुक्रवार.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाईट जायचा वार. दहालाच गेली. फ्रीजला दोन गोधड्या गुंडाळल्या, वरून विनीतच्या लुंगीनं आवळला. विनीत ऑफिसात, त्यामुळे बोलायला कुणी नाही.

पहिल्या गोलकीपरचा पाय मुरगळला. सान्वी उतरली! अंगभर गाद्या बांधलेल्या, गादीवाल्याचं दुकान चालत आल्यासारखी. मी बघितलं नाही. फ्रीजकडे तोंड करून बसले. हेमांगी ओरडून सांगत होती, आई अडवला, आई हा पण अडवला, आई गेला, आई अडवला.

तीन-दोन. तीन आपले.

हेमांगीनं मिठी मारली. मी सोडवून घेतली. घामट झालेली. थोड्या वेळानं सोडवली.

बीपी घेतलं नाही. मशीन थरथरत होतं.

सगळ्या बिल्डिंगीत सांगून आले, जिंकवलं कुणी. उद्या पाच वाजता देव सगळ्यांसमोर बर्फातून निघणार. पेढे विनीत आणेल.

३० मे. बीपी १८२/१०२. मशीन फेकून द्यायला झालंय.

लिहू की नको. लिहिते.

नऊ बायका आलेल्या. पाट, रांगोळी, समई. सरोजबाई इस्त्रीची साडी नेसून पुढे बसली. मी बर्फ आणि भक्ती ह्यावर दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. मग वाटीवर कोमट पाणी ओतलं. बायकांनी हात जोडले. समोरच्या रखमाबाईंनी तर बर्फ सुटल्या सुटल्या देव उचलून कपाळाला लावला.

सरोजबाई चष्मा चढवून म्हणाली, हौसाबाई, अहो हे आलं आहे.

हेमांगी म्हणाली, आई, हे पावशेरातलंच.

मी म्हटलं, देवाची लीला. मग रखमाबाई म्हणाल्या, असू दे हो, चहा तरी टाका त्याचा.

नऊ जणींचा चहा. सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितला.

म्हणजे दहा दिवस मी आल्याला नमस्कार केला. आणि इंडिया आल्याच्या भरवशावर जिंकली. देव कुठे गेला पत्ता नाही. हेमांगीवर संशय घेतला, ती आईची शपथ घेते. कुठल्या आईची, ते सांगत नाही.

३१ मे. बीपी लिहीत नाही.

शेवटची मॅच, पदकाची. सहा-शून्य हरलो. सान्वीच उभी होती. हेमांगी म्हणते तिनं सव्वीस अडवले. साफ चूक. अठ्ठावीस. मी बघत नव्हते.

एकदा चकती हनुवटीखाली लागली. पडली, उठली. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही मेल्यांनी.

मग हेमांगीच्या फोनवर सान्वीचा मेसेज. हेमांगीनं मोठ्यानं वाचला. आजीला सांग, बाळकृष्ण माझ्याकडे आहे. निघायच्या आधी वाटीतून काढून घेतला, जागी आलं ठेवलं. हरले तर माझ्यासाठी दार उघडणार नाहीस, पण त्याच्यासाठी तरी उघडशील.

विनीत पोट धरून हसला. ह्याला एक्कावन्न टक्के पडलेले तेव्हा नाही हसला.

ही सरळ धमकी आहे. अशा धमक्यांना मी घाबरत नाही. देव्हाऱ्यात गणपती आहे, अन्नपूर्णा आहे, घर चालेल. ठरलं. दार उघडायचं नाही.

२ जून, सकाळी.

दार उघडायचं नाही. परत लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

आठपासून दाराजवळ खुर्ची टाकून बसलेय. इथे वारा येतो.

२ जून, दुपारी.

साडेदहाला बेल वाजली. जाळीच्या दारापलीकडे सान्वी. हनुवटी काळीनिळी, एक पाय लंगडत, बॅग तिच्याहून मोठी. हेमांगी उठली, म्हटलं, बस खाली.

सान्वी म्हणाली, आजी, सहा खाल्ले गं.

म्हटलं, माहितीये. देव कुठाय?

तिनं खिशातून मोजा काढला. मोज्यात देव! म्हटलं, अगं कार्टे, धुतलेला तरी आहे का? म्हणाली, एकदाच घातलाय. पहिल्या दोन मॅचना माझ्याशेजारी बाकावर होता, नंतरच्या दोन्ही मॅचना गोलच्या मागे पिशवीत. त्याला थंडी वाजू नये म्हणून मोजा.

आता देवाला वापरलेल्या मोज्यात जिन्यात उभं ठेवणं बरं दिसत नाही. येणारेजाणारे बघतात. शब्द सान्वीपुरता होता, देवाला मी काही बोललेले नव्हते.

दार उघडलं. देवासाठी.

पोरगी मागोमाग आत आली, त्याला माझा इलाज नाही.

बीपी १२६/८०. मशीन आपोआप सुधारलेलं दिसतंय.