कपाटामागचा हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. गोरेगाव.

उद्या लेकरांची ऑनलाइन परीक्षा, आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या वीस मशिनींवर दोन दिवस ऑपरेटिंग सिस्टीम चढत नव्हती. सर्व्हरवरून नेटवर्कने एकदम टाकू, हा हट्ट माझाच. मशीन सुरू व्हायची, तिला नेटवर्कवर पत्ताही मिळायचा, पण सर्व्हर काही सापडायचा नाही. केबल बदलल्या, सर्व्हर पुन्हा लावला. व्यर्थ!

आज झाडता झाडता कमलबाई म्हणाल्या, "मॅडम, हापिसातल्या कपाटामागं हिरवा दिवा काहून लुकलुकून राहिला?"

पाहते तर जुना वायफायचा डबा! क्लार्कभाऊंनी घरून आणून लॅबच्याच वायरीला जोडलेला. माझ्या सर्व्हरच्या आधी तोच सगळ्या मशिनींना पत्ते वाटत होता, पण सिस्टीम कुठून घ्यायची ते त्याला सांगताच येत नव्हतं. तो काढला आणि विसाच्या वीस मशिनींवर सिस्टीम चढायला लागली.

तो हिरवा दिवा मला का दिसला नाही? कपाटामागं मी कधी वाकलेच नाही. कमलबाई झाडताना रोज वाकतात. आणि कालच मी त्यांच्यावर खेकसले होते, वायरींना हात लावू नका म्हणून. आज आभार मानले तर घाईघाईने म्हणाल्या, "हात न्हाई लावला, मॅडम. नुसतं पाहिलं."

उद्या पहिली मशीन त्यांच्याच हातानं सुरू करायची.